बोंडीच्या तीन वेळा

"थांब दोन मिनिटं, राखी मागं हाय," मी खिडकीतून म्हणालो.

"काय करून राह्यली?" जगदेवनं विचारलं. त्याला चांगलं ठाऊक होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण विचारल्याशिवाय जगदेवचा दुपारचा चहा पचत नसे.

"मांजर दाबून राह्यली," मी म्हणालो आणि रजिस्टरात डोकं घातलं.

आमचं पोस्ट म्हणजे माझ्याच घराची पुढची खोली. अनसिंगपासून सात किलोमीटर आत. बावीस वर्षं मी इथला पोस्टमास्तर आहे आणि राखी गेली दहा वर्षं गावात, तांड्यात, वस्तीवर डाक वाटते. तिला दर दुपारी एक वाजता माझ्या न्हाणीच्या दगडावर मांजर घेऊन बसायची परवानगी मी कधी दिली, ते मला आजही आठवत नाही. बहुतेक दिलीच नव्हती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला मांजर आवडत नाही. दूध उघडं राहिलं की तोंड घालतं आणि वर आपल्याकडंच असं बघतं की जणू आपणच चोर. तरी ते दाबणं मी रोज बघायचो. डावा हात छातीखाली, उजव्या हाताची बोटं पोटाच्या दोन्ही बाजूंना, आणि मग चाचपडत राहायचं. आत लघवीची लिंबाएवढी पिशवी हाताला लागली की ती सोडायची नाही, हळूहळू मागच्या बाजूला दाबायची. खाली टमरेल. धार सुरू झाली की राखीचा श्वास थांबायचा आणि धार संपली की सुटायचा. मग कोमट पाण्यानं मागचा भाग धुणं, पुसणं, खोबरेल लावणं. पहाटे पाच, दुपारी एक, दिवेलागणीला पुन्हा. एकही दिवस न चुकता.

ही मांजर, बोंडी, गेल्या सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकाखाली आली. राखी डाक घेऊन चालली होती. बाकीचे लोक "मेली, मेली" म्हणत उभे होते, ही डाकेच्या पिशवीवर तिला टाकून अनसिंगला ढोरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. सरकारी पिशवी, तिच्यावर मांजर. मी त्याबद्दल बोललोही. डॉक्टर म्हणाले, पाठीचा मणका गेला, मागचे पाय आता येत नाहीत, लघवी आपली आपण होणार नाही. दिवसातून तीनदा दाबून काढावी लागेल, एक दिवस चुकलं तर अंगात विष भिनेल. नाही तर इंजेक्शन देऊन मोकळं करतो.

"दाबाचं कसं थे दाखवा," राखी म्हणाली.

मला म्हणाली, "आठ दिवस ठेवून घेते, हरीओमभाऊ. मंग कोनी ना कोनी नेईन." त्या आठ दिवसांचे पाच महिने झाले होते.

त्या दुपारी जगदेवचं रजिस्टर पत्र देऊन मी सकाळच्या डाकेची पिशवी सोडली आणि तिच्यात राखीच्या नावचा लिफाफा निघाला. विभागीय परीक्षा. तीनदा नापास झाली होती. दर वेळी म्हणायची, बस झालं भाऊ, आता नाही. दर वेळी मी फॉर्म आणून समोर ठेवायचो. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा एक पिशवी आणि दहावीची मार्कशीट एवढंच घेऊन आली होती. आता चौथ्या खेपेला पास. अकोल्यात पोस्टमन. पक्की नोकरी, खाकी गणवेश, पेन्शन. एक एप्रिलला हजर व्हायचं. बावीस दिवस होते. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन बायकोला साखर मागितली.

राखीनं ऑर्डर दोनदा वाचली. घडी घातली. साखर तोंडात टाकली.

"मंग इले कोन दाबंन?" ती म्हणाली.

"तुझी माय."

"मायचे हात थरथर करते. चहाचा कप नाई धरू शकत."

"अकोल्याले घेऊन जा मंग."

"तीन पोरी एका खोलीत राहनार. सकाळी आठले डाक वाटाले बीटावर, पाचले वापस. दुपारी एकले कोन येईन तिथं?"

"राखी," मी म्हणालो, "मांजरीपायी ऑर्डर सोडतं काय?"

"सोडत नाई. चार खेपा परीक्षा का गंमत म्हनून देल्ली? जाईन मी." तिनं ऑर्डर ब्लाउजात खोचली. "पन इचं घर पाह्यल्याबिगर जानार नाई."

दुसऱ्या दिवसापासून ती डाकेबरोबर बोंडीची गोष्ट वाटायला लागली. दर घरी पत्र, पार्सल, आणि मग मांजर. गावाला करमणूकच झाली. कोणी म्हणे, स्थळ पाहून राह्यली काय. कोणी म्हणे, हुंडा काय देतं. एका बाईनं तर विचारलं, पत्रिका जुळवा लागन का. राखी हसायची, आणि हसून झालं की सांगायला लागायची. सुरुवातच लघवीपासून. मागचे पाय ओढते, दिवसातून तीन वेळा दाबा लागते, धुवा लागते, कधी कधी शी पन काढा लागते. ऐकणारीचं तोंड तिथंच बदलायचं.

"अवं, आधी गुण सांगावं," मी तिला समजावलं. "पांढरीशुभ्र हाय, गरीब हाय, उंदराचा वास लगेच घेते. स्थळ सांगताना कोनी दुखन्यापासून सुरू करते काय?"

"मंग कवा सांगू? लगन झाल्यावर?"

"तसं नाई..."

"माया येळी लगन झाल्यावरच सांगतलं होतं," ती म्हणाली आणि पत्रं लावायला लागली.

तिच्या नवऱ्याला फिट्स येत. ते तिला लग्नाच्या चौथ्या दिवशी कळलं. तीन वर्षं तिनं निभावलं. आजारासाठी नाही सोडलं तिनं त्या घराला. "सगळ्यांले ठाऊक होतं, मले सोडून," एवढंच ती सांगे. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी पुढं जे केलं ते केलं, हे लिहून ठेवतो, कारण माझी बायको म्हणते की गोष्ट सांगताना मी आपला भाग गाळतो.

आठवडा गेला. कोणी तयार होईना. मला राखीची ऑर्डर दिसत होती आणि तिच्यावरची तारीख. रिठदला माझा साडू देवमन राहतो. घरात धान्याची कोठी, उंदरांनी उच्छाद मांडलेला. मी फोन लावला. म्हणालो, एक मांजर आहे, नंबर एक, पायानं जरा अधू आहे. देवमन म्हणाला, आणा. राखीला म्हणालो, सगळं सांगितलं आहे, ते तयार आहेत.

"मी येते घर पाह्याले," राखी म्हणाली.

"माया साडूचं घर हाय. मी नाई पाह्यलं काय?"

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. रात्रभर बसून तिनं आंतर्देशीय पत्रावर सगळं लिहिलं. कसं धरायचं, कुठं दाबायचं, लिंबू किती मोठं लागलं की घाबरायचं. डिंक लावून पत्र बंद केलं, वर देवमनचं नाव घातलं आणि माझ्या हातात दिलं. रविवारी मी बोंडीला टोपलीत घालून स्कूटरनं रिठदला गेलो. देवमनच्या बायकोनं चहा केला, बोंडीला पाहून ती हरखून गेली, मांडीवरच घेऊन बसली. माझा हात खिशातल्या पत्राकडं गेला. मला वाटलं, आत्ता दिलं तर हे मला टोपलीसकट परत पाठवतील. आधी जीव लागू द्यावा. संध्याकाळी फोन करून सांगू. संध्याकाळी साडूचा फोन लागला नाही, आणि खरं सांगायचं तर मी एकदाच लावून पाहिला.

सोमवारी दुपारी एकला राखीनं पोस्टातून देवमनला फोन केला.

"दुपारचं झालं काय, भाऊ?"

मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. राखीचं तोंड दिसत होतं.

"किती निघालं म्हून इचारलं," ती म्हणाली. मग फोन दुसऱ्या कानाला लावला. "सकाळपासून उठली नाई? काल रातीपासून नाई?"

तिनं फोन ठेवला आणि खिळ्यावरची माझ्या स्कूटरची किल्ली घेतली. मी मागं बसलो. दीड तासाचा रस्ता तिनं एका तासात कापला. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोंडी दिवाणाखाली पडली होती. पोट नगाऱ्यासारखं ताठ. राखीनं तिला ओढून मांडीवर घेतलं आणि पोटाला दोन्ही बाजूंनी बोटं लावली. काही येईना. मग थेंब आला, लाल. मग आलं. कितीतरी वेळ येत राहिलं. देवमनची बायको दारात उभी होती, डोळे भरलेले.

"मले सांगतलं असतं तर मी केलं असतं का नसतं, थे मी पाह्यलं असतं," ती मला म्हणाली. "आखी रात माया घरात जीव तडफडला, भाऊजी, अन् मी म्हनत होते नवीन घर हाय म्हून रुसली."

येताना अनसिंगला डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दोन दिवस पाहू म्हणाले. दवाखान्याच्या नळावर हात धुताना राखीनं विचारलं, "चिठ्ठी कुठं हाय?"

मी खिशातून काढली. घामानं ओली झाली होती, डिंक तसाच.

"पोस्टमास्तर हाय तुमी, भाऊ," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "बावीस वर्सं झाली. कोना कोनाच्या चिठ्ठ्या पोचवल्या. पुरात पोचवल्या. माई एक चिठ्ठी नाई पोचवली तुमी."

  त्या दिवशी मी जेवलो नाही आणि बायकोनंही वाढते म्हणून विचारलं नाही.

बोंडी वाचली. चार दिवस राखी रजेवर राहिली, तिची डाक मी वाटली. उन्हातान्हात, सगळ्यांची टिंगल ऐकत, आणि मुकाट्यानं. पाचव्या दिवशी ती आली ती नवा नियम घेऊन. ज्याला मांजर पाहिजे त्यानं आपल्या हातानं तिच्यासमोर दाबून दाखवायचं. एकदा नाही, तीनदा. पहाटेचं, दुपारचं, दिवेलागणीचं.

"अशानं कोन येईन?" मी म्हणालो.

"नाई आलं तर नाई आलं."

एक शाळामास्तर आले, अनसिंगचे, मोटरसायकलनं. चांगला माणूस. बायकोनं सांगून पाठवलं होतं. त्यांनी हात लावला, बोंडी ओरडली, आणि मास्तरांच्या कपाळावर घाम. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. मग म्हणाले, "ताई, मला नाही जमणार. खोटं बोलून नेणार नाही." राखीनं त्यांना चहा पाजला आणि म्हणाली, सांगितलं ते फार चांगलं केलं. ते गेल्यावर तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मीही पाहिलं. सात दिवस उरले होते. मग पाच. मग चार.

अठ्ठावीस तारखेला ती सकाळी आली आणि माझ्यासमोर कागद ठेवला. घरगुती अडचणीमुळे सदर नेमणूक स्वीकारू शकत नाही.

"आजच्या डाकेत टाका," ती म्हणाली.

मी तो कागद तीनदा वाचला. चार वेळा परीक्षा. दर वेळी कंदिलाएवढाच उजेड देणारा एक बल्ब लावून तिच्या मायच्या खाटेजवळ बसून केलेला अभ्यास. आता आयुष्यभर याच गावात, याच पगारावर, कधी कायम न होता. डाकेची पिशवी तीन वाजता बंद होते. एक विचार माझ्या मनात आला, की टाकूच नये, फळीवर राहून गेला म्हणावं. आणि लगेच मला नळाजवळची राखी आठवली. मी तो कागद लिफाफ्यात घातला, पत्ता लिहिला आणि पिशवीत टाकला. पाणी प्यावंसं वाटलं, ते प्यालो.

साडेबाराला दारात हेमला उभा. तांड्यावरचा म्हातारा, दोन किलोमीटर उन्हात चालत आलेला. डोक्याला पांढरं फडकं, हातात काठी. तांडा या दिवसांत रिकामाच असतो, सगळे ऊसतोडीला गेलेले, मागं म्हातारे आणि शेळ्या. हेमला आठ-नऊ वर्षांपासून जात नाही. त्याची बायको धनीबाई भरल्या ट्रॉलीवरून पडली आणि कमरेखाली निकामी झाली. सात वर्षं तिला त्यानं एकट्यानं सांभाळलं. दीड वर्षापूर्वी ती गेली.

"पोस्टवाली कुठं हाय?" त्यानं विचारलं. रागातच होता.

राखी मागून आली, काखेत बोंडी.

"साऱ्या गावाले इचारलं तुनं," हेमला म्हणाला. "तांड्यात चार घरी इचारलं. माया घरासमोरून गेली अन् मले इचारलं नाई. काहून?"

राखीनं बोंडीला दुसऱ्या काखेत घेतलं. मग म्हणाली, "काका, तुमी सात वर्सं केलं. अजून तेच तुमच्या गळ्यात कायले घालू?"

"थे मी ठरवन. तू कोन ठरवनार?"

"सोबत पायजे म्हून म्हनत असान तर..."

"सोबत काय करते मांजर? बोलते काय?" म्हातारा खाली बसला, काठी बाजूला ठेवली. "पहाटं पाचले डोया उघडते माया. दुपारी एकले उठून बसतो. दिवा लावला का पुन्हा उठतो. कायले उठलो म्हनून पाहतो, तं घरात कोनीच नाई." त्यानं दोन्ही तळवे पुढं केले. "याले येते थे काम. रिकामे हाय हे. आन इकडं."

राखीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली नाही, काही केलं नाही. माझा हक्क राहिला नव्हता.

"दाबून दाखवा लागन," ती म्हणाली. "तीनदा."

"दाखवतो." हेमलानं खोलीभर नजर फिरवली आणि माझ्यावर आणून ठेवली. "मास्तर, तू भाईर जा."

"हे पोस्ट हाय," मी म्हणालो.

"बाईमानसाच्या अंगाचं काम हाय. भाईर जा अन् दार लावून घे."

तर मी माझ्याच घराच्या, माझ्याच पोस्टाच्या बाहेर उन्हात उभा राहिलो. जगदेव आला. म्हणाला, काय झालं, बायकोनं काढलं काय. मी म्हणालो, आत काम चालू आहे, थांब. आतून काही आवाज नाही. बोंडी नव्या हाताला नेहमी ओरडायची, ती ओरडली नाही. मग दार उघडलं आणि राखी बाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिनं ते पुसलं नाही.

"हात चांगला हाय," ती म्हणाली. मग पोस्टाची पिशवी उघडून आपला लिफाफा काढून घेतला. "आजची डाक जाऊ द्या, भाऊ. हे मायाकडं ठेवते."

त्या संध्याकाळी ती बोंडीला घेऊन तांड्यावर गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सायकलनं पुन्हा गेली, तिसऱ्या वेळेसाठी. लिफाफ्याचं काय झालं मी विचारलं नाही. चुलीत गेला, असं तिच्या मायनं माझ्या बायकोला सांगितलं.

तीस तारखेला मी तिला स्कूटरवर घेऊन निघालो. तिची बॅग पायाशी, मांडीवर टोपलीत बोंडी. आधी तांडा, मग अनसिंगहून अकोल्याची एसटी. एक वाजत आला होता. रस्त्यात तिनं तीनदा टोपलीत हात घालून लिंबू चाचपलं. मला आरशात दिसत होतं.

हेमलाचं घर म्हणजे एकच खोली, सारवलेली. एका कोपऱ्यात दोरीवर पडदा, धनीबाईची ओढणी, आरशांचे तुकडे शिवलेली, धुऊन धुऊन लाल रंग विटलेला. दीड वर्षात त्यानं तो पडदा काढला नव्हता. पडद्याआड गोधडी घडी घालून ठेवलेली, शेजारी टमरेल, फडकं, खोबरेलची बाटली. गोधडी ताजी धुतलेली दिसत होती.

म्हाताऱ्यानं हात धुतले. तळवे एकमेकांवर चोळून गरम केले. राखीकडून बोंडीला घेतलं, पोटावरून नव्हे, खालून, दोन्ही हातांत भरून, आणि पडद्याआड गेला. राखी सवयीनं उठून त्याच्या मागं निघाली.

"तू थांब तिथंच," हेमला आतून म्हणाला.

"काका, मी रोज..."

"रोज तू करत होती. आता पडदा हाय."

राखी पडद्याच्या अलीकडं उभी राहिली. पाच महिने तीनदा रोज, रिठदची ती रात्र सोडली तर एकदाही चुकलं नव्हतं, आणि कधी ती या बाजूला उभी नव्हती. तिचा उजवा हात कमरेपाशी आला होता, बोटं आपोआप वळलेली. तिनं ती दुसऱ्या हातात धरून ठेवली.

आत टमरेलात धार लागली.

"झालं, बाई," हेमला हळू आवाजात म्हणत होता. "झालं, झालं. बस, झालं."

राखी माझ्याकडं न पाहता म्हणाली, "धनीबाईचा निराधारचा पगार द्याले अंगठ्याची मशीन घेऊन येत होते मी. लय खेपा एकचा टाइम होये. दाराभाईर उभी राहून हेच आयकत होते, भाऊ. हेच. अस्संच."

 मी म्हटलं, एसटी दोनला आहे. धार थांबली होती, आत फडकं पिळल्याचा आवाज येत होता. राखीनं बॅग उचलली आणि चपला घातल्या.

"पाहून तं घे तिले एक खेप," मी म्हणालो.

"पडदा लागला हाय, भाऊ," ती म्हणाली, आणि पडदा उघडायच्या आत बाहेर पडली.